साठ जणांची तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. आता तार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी येते, ती मी नव्हे. माझ्यावर कपडे वाळत घालत नाहीत आणि माझ्यामुळे दिवाही लागत नाही. मी चित्राची तार. माझ्या एका टोकाशी जे घडतं, ते दुसऱ्या टोकाशी बसलेल्या माणसाला त्याच क्षणी दिसतं. माझ्या पोटात तांब्याची एक काडी आहे. तिच्याभोवती पांढरा जाड थर, त्यावर तांब्याच्या बारीक केसांची विणलेली जाळी, आणि सगळ्यांत वर काळा कोट. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात काळा कोट घालून दहा वर्षं उघड्यावर राहून दाखवा आणि मग माझ्या जुनेपणाला हसा.

मला डोळे कुठले, असं कोणी म्हणेल. पण माझं एक टोक ऑपरेशनच्या शेडमध्ये, मधलं अंग पाच कडुनिंबांवर आणि दुसरं टोक व्याख्यानाच्या हॉलमध्ये. त्या आवारात एकाच वेळी तीन ठिकाणी हजर असणारं दुसरं कोणीच नव्हतं. म्हणून ही गोष्ट माझ्याइतकी पुरती कोणाला ठाऊक नाही.

कारखान्यात मला लाकडी रिळावर गुंडाळलं आणि मालगाडीने नागपूरला पाठवलं. ते साल शहात्तर. कामठी रस्त्यावर जनावरांच्या डॉक्टरांचं एक छोटं कॉलेज होतं. त्याच्या स्टोअरमध्ये माझं रीळ उतरलं. कॅमेरा मागाहून येणार होता, तो तब्बल अडीच वर्षांनी आला. तोवर स्टोअरकीपर माझ्यावर बसून डबा खात असे आणि भाजीचे हात माझ्या कोटाला पुसत असे. मी ते सोसलं. आपला दिवस येणार याची मला खात्री होती.

मला मागवलं होतं डॉक्टर गोपाळराव पिंपळखुटे यांनी. बैलाच्या शिंगात कर्करोग होतो, हे तुम्हाला माहीत आहे का? शिंग आतून सडतं, एका बाजूला झुकतं, नाकपुडीतून रक्त येतं आणि बैल खाणं सोडतो. गोपाळराव ते शिंग मुळापासून काढत. काढणारे इतरही होते, पण त्यांच्या बैलांची जखम महिनोन्‌महिने भरत नसे. गोपाळरावांची भरायची. सगळी किमया त्यांच्या बोटांत होती. शिंग कापण्याआधी ते भोवतालचं कातडं असं सोडवत, की नंतर ते दोन्ही बाजूंनी ओढून त्या भोकावर नीट मिटावं. किती सोडवायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांनी पुस्तकात लिहायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कागद फाडले. हे डोळ्यांनी पाहूनच शिकायचं काम आहे, असं ते म्हणत.

आणि पाहायचं कसं? वर्गात मुलं साठ आणि शेडमध्ये बैलाभोवती जागा दहा जणांची. बाकीचे पाठीमागे टाचा उंचावून उभे. त्या वर्षीच्या वर्गात लतिका नावाची एक मुलगी होती, रामदासपेठेतली, अंगाने लहानखुरी. तिने वहीत लिहून ठेवलं होतं की तीन वर्षांत ती नऊ ऑपरेशनांना हजर राहिली आणि नऊही वेळा तिने गोविंदा नावाच्या उंच मुलाच्या शर्टाच्या चौकड्या पाहिल्या. ते वाचून गोपाळराव हसले, मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

कॅमेरा आला तो एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत. तेव्हा नागपुरात घरोघरी टीव्ही नव्हते. पुष्कळांनी तो नुसता फोटोतच पाहिला होता. कॉलेजने तीन टीव्ही मागवले होते, दोन हॉलसाठी आणि एक जादा. यंत्रांचा भाग मुकुंद नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे होता. तो पुस्तकं वाचून हुशार झालेला. आणि मला झाडांवर चढवायचं काम आलं चंद्रभानकडे.

चंद्रभान कॉलेजचा वायरमन. राहायला इंदोऱ्यात. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेला, तेव्हा चार वर्षांचा होता. बापाने त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीला शाळेत घातलं, दोन वर्षांनी याला. पुढे त्याने आयटीआय केलं. हात सोन्याचा, पण सहा वर्षं तो कॉलेजात रोजंदारीवरच होता. त्याला कायम करण्याची फाइल प्राचार्य गिरिधरराव यांच्या टेबलावर होती. रोज सकाळी साहेबांच्या खोलीतला पंखा लावायला तो जाई आणि फाइल त्याच जागी दिसे.

त्याचं काम मी कधी विसरणार नाही. इतर लोक तार जमिनीवरून फरफटत नेतात. चंद्रभानने माझी वेटोळी खांद्यावर घेतली आणि चालत चालत मला सोडत गेला. झाडाला बांधताना लोखंडी तार वापरली नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. झाड हलतं, वाढतं, तेव्हा बांधलेल्यालाही हलायला जागा पाहिजे, असं त्याने मुकुंदला समजावून सांगितलं. मुकुंदच्या पुस्तकात हे नव्हतं.

शनिवारी चाचणी झाली. चंद्रभानने शेडमध्ये कॅमेऱ्यासमोर आपला पंजा धरला. हॉलमधून मुकुंदने फोनवर सांगितलं, "पाच बोटं. स्वच्छ. तळहातावरची जखमसुद्धा दिसते आहे." चंद्रभान तसाच धावत हॉलमध्ये गेला, स्वतःचा पंजा पाहायला. हॉलमध्ये पोहोचल्यावर त्याला उमगलं की पंजा त्याच्याबरोबरच हॉलमध्ये आला आहे आणि पडद्यावर रिकामी शेड आहे. मुकुंद पोट धरून हसला. मीही हसले असते, पण शेडचं चित्र नेत होते.

ऑपरेशन सोमवारी होतं. गोपाळरावांचं शेवटचं.

आता, मित्रांनो, चूक सांगते. ती चंद्रभानची होती, आणि थोडी माझीही. शनिवारी दुपारी कार्यालयातला एक कारकून सुपारी कातरता कातरता चंद्रभानला म्हणाला की हॉलमध्ये दिलं ते बरं केलं, पण साहेबांच्या खोलीत काही दिलं की नाही? बस, एवढंच. आमच्या आवारात नळ आला तर आधी साहेबांच्या बंगल्यात, फोन आला तर आधी साहेबांच्या टेबलावर, कूलर आला तर आधी साहेबांच्या खिडकीत. ती रीतच होती. साहेबांनी कधी मागितलंही नसेल, पण न मागता देणं हाच तर आदर, असं सगळे धरून चालत. चंद्रभानच्या डोळ्यांपुढे ती फाइल आली असणार. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

रविवारी तो एकटा आला. तिसऱ्या कडुनिंबावर चढला. घरात दिव्यासाठी तारेला फाटा काढतात तसा त्याने माझा कोट बोटभर सोलला, जाळी बाजूला सारली, पोटातल्या काडीला उरलेल्या तारेचं टोक पिळून जोडलं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. तो फाटा नेला थेट साहेबांच्या खोलीत, जादा टीव्हीपर्यंत. जोड देखणा होता. मलाही बरं वाटलं. आता आपण चार ठिकाणी हजर, असं मी मनाशी म्हटलं. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते झाडावर बसलेल्यालाही लागू आहे.

सोमवारी सकाळी खाप्याहून कवड्या आला. अंगावर कवड्यांसारखे ठिपके असलेला बैल, डावं शिंग झुकलेलं. त्याच्याबरोबर त्याची मालकीण तुळसाबाई. ती टेम्पोत बैलाच्या तोंडाशी उभी राहून आली होती. तिला शेडच्या बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा तिने गोपाळरावांना एकच विचारलं.

"डॉक्टरसाहेब, पोळ्याले याच्या शिंगाले रंग कुठं लावू मी?"

"हायेच ना एक शिंग," गोपाळराव तिच्याच बोलीत म्हणाले. "त्याले दोनदा लावजो."

मग त्यांनी तिला हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसवायला सांगितलं. तिथून तिला सगळं दिसणार होतं.

कवड्याला लोखंडी खोड्यात उभं केलं. डोळ्याच्या वरच्या हाडाजवळ सुन्न करण्याचं इंजेक्शन दिलं. हॉलमध्ये साठ मुलं वह्या उघडून बसली. पलीकडे प्राचार्य गिरिधरराव संस्थेच्या दोन पाहुण्यांना घेऊन आपल्या खोलीत टीव्हीसमोर बसले. कॅमेरा सुरू झाला.

हॉलमधल्या पडद्यावर कवड्याला चार शिंगं होती.

दोन ठळक आणि त्यांच्या बाजूला, बोटाच्या अंतरावर, दोन पुसट. गोपाळरावांनी हात पुढे केला तर त्यांना दहा बोटं. मुलं खो खो हसली. मुकुंदने टीव्हीच्या मागचं एकूण एक बटण फिरवलं. पुसट चित्र जागचं हललं नाही. हसू हळूहळू ओसरलं. लतिका उठली आणि आतल्या फोनवर गेली.

"सर, सगळं दोन-दोन दिसतंय. बोट खरं कोणतं आणि सुरी खरी कोणती, ते कळत नाही."

गोपाळरावांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा आवाज हॉलमधल्या कर्ण्यातून आला, अगदी शांत. "इंजेक्शन लागलेलं आहे. मी दहा मिनिटं थांबतो. त्याच्यापुढे कवड्या थांबू शकत नाही. दहा मिनिटांत चित्र एक झालं तर ठीक. नाही तर मला काम उरकावं लागेल आणि तुम्हाला गोविंदाच्या शर्टावरच भागवावं लागेल."

कोणीही हसलं नाही. पुढच्या महिन्यात ती बोटं घरी जाणार होती. आज दिसली नाहीत, तर कधीच दिसणार नव्हती.

चंद्रभान हॉलच्या दारात उभा होता. शनिवारी एक पंजा आणि सोमवारी दोन. मध्ये काय झालं? रविवार झाला. त्याचा चेहरा उतरला. हात दाखवून अवलक्षण कसं होतं, हे त्याला न सांगताच कळलं. पण तो पळाला नाही. सरळ मुकुंदकडे गेला आणि साहेबांच्या खोलीत आपण फाटा नेल्याचं सांगून मोकळा झाला.

मुकुंदने कपाळावर हात मारला. विजेच्या तारेला फाटा काढला तर दिवा लागतो, पण चित्राचं तसं नसतं, हे त्याने भराभर सांगितलं. काही चित्र त्या फाट्यात शिरतं, पलीकडे मोकळं टोक सापडलं की आपटून मागे फिरतं आणि हॉलमध्ये उशिरा पोहोचतं. उशिरा आलं म्हणून बाजूला दिसतं. टोकाला मसुरीएवढा एक दाणा बसवावा लागतो, तो आलेलं चित्र पोटात घेतो, परत फिरू देत नाही. तो दाणा एकच होता आणि तो हॉलमधल्या टीव्हीच्या मागे बसवलेला होता.

"दुसरा दाणा साहेबांकडे बसवला त?" चंद्रभानने विचारलं.

"नाही आपल्याकडे. आणि असता तरी चित्र दोघांत वाटलं जाऊन अंधुक झालं असतं. एका तारेला एकच शेवट असतो, चंद्रभान. इथे तरी, नाही तर तिथे तरी." मुकुंदने घाम पुसला. "साहेबांकडे पाहुणे बसलेत. आधी जाऊन त्यांना विचारून येतो."

चंद्रभानने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं उरली होती. साहेबांची खोली आवाराच्या त्या टोकाला. जाऊन, अदबीने उभं राहून, विचारून परत यायला सहा मिनिटं कुठे पुरतात?

"सर, इचारत बसलो त बैलाची सुन्नी उतरून जाईन," तो म्हणाला. "जोड मीच देल्ला, मीच काढतो. साहेबांले माझंच नाव सांगा."

आणि तो झाडावर चढला. पक्कड दातांत धरून. मित्रांनो, त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला त्याच्या बोटांवरून कळत होतं. रविवारी जोड देताना ती पुन्हा पुन्हा थांबत होती. आता थांबत नव्हती. त्याने चिकटपट्टी उसवली, पिळलेलं टोक सोडवलं आणि फाटा खाली टाकून दिला. माझी काडी त्याने कापली नव्हती, नुसती सोलली होती, म्हणून मी आतून शाबूत होते.

हॉलमध्ये चित्र एक झालं. पण लगेच फडफडू लागलं. सोललेल्या जागी माझी जाळी विस्कटली होती, वाऱ्याने फांदी हलली की ती सुटायची आणि चित्र तुटायचं. चिकटपट्टीची गुंडाळी खाली पेटीत राहिली होती. उतरून आणायची तर तेवढा वेळ चित्र गेलं. चंद्रभानने फांदीवर मांडी ठोकली, जाळी दोन्ही बाजूंनी जुळवली आणि अंगठा व बोट यांच्या चिमटीत घट्ट दाबून धरली. फडफड थांबली.

"दिसतंय," लतिका फोनवर म्हणाली. "सर, एकच दिसतंय."

मग पाऊण तास साठ मुलांनी आणि एका बाईने गोपाळरावांची बोटं पाहिली. त्यांनी शिंगाभोवती सुरी कशी वळवली ते पाहिलं. कातडं सोडवताना बोट आधी पुढे जातं आणि सुरी मागून येते, हे पाहिलं. ते एका ठिकाणी थांबले, बोटाने चाचपलं, आणि म्हणाले, "इथे. ह्याच्यापुढे नाही." साठ पेन्सिली एकदम चालल्या. मग त्यांनी तारेची करवत घेतली. होय, शिंग तारेनेच कापतात. ती माझी लांबची बहीण. तिने पंधरा-वीस ओढींत ते सडलेलं शिंग उतरवलं आणि सोडवून ठेवलेलं कातडं दोन्हीकडून येऊन नीट मिटलं. टाके घालताना ते प्रत्येक गाठीला एकच वाक्य म्हणत राहिले, "टोक मोकळं सोडू नका."

मध्येच कवड्याने डोळा फिरवला आणि तो पडद्यावर भरून दिसला. शेवटच्या बाकावरून तुळसाबाई हळूच म्हणाली, "भिऊ नोको बापा, मी आहो ना अठीसा." ती पडद्याशी बोलत होती. पण वर्गातलं कोणी मागे वळून हसलं नाही.

इकडे साहेबांच्या खोलीतला पडदा काळा पडला होता. गिरिधरराव पाच मिनिटं वाट पाहून उठले. पाहुण्यांना बसायला सांगून भर उन्हात हॉलकडे निघाले. तिसऱ्या कडुनिंबाखाली लोंबती तार त्यांच्या खांद्याला लागली. त्यांनी वर पाहिलं.

"कोण आहे रे वर?"

"मी चंद्रभान, साहेब. तुमचं कनेक्शन मी काढलं. हात सोडता येत नाही, नाही त खाली येऊन सांगितलं असतं."

साहेबांनी ती लोंबती तार बाजूला सारली. हॉलच्या मागच्या दाराने आत शिरले, जाब विचारायला. पण आत कोणाचंच लक्ष नव्हतं. साठ डोकी एका दिशेला वळलेली आणि पडद्यावर ती बोटं. गिरिधरराव स्वतः जनावरांचे डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक शिंग काढलं होतं आणि त्या बैलाची जखम भरली नव्हती. ते शेवटच्या बाकावर तुळसाबाईच्या शेजारी बसले आणि टाके संपेपर्यंत उठले नाहीत. खोलीत पाहुण्यांचा चहा गार झाला.

चौथ्या दिवशी चंद्रभानला मेमो आला. विनापरवानगी कनेक्शन तोडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. त्याने तो माझ्याच रिळावर बसून लिहिला. कनेक्शन जोडायला परवानगी घेतली नव्हती, तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून तोडल्याचाही खुलासा एवढाच, की तार साठ जणांची होती. त्या कागदावर साहेबांनी लाल शाईने लिहिलं, "खुलासा समाधानकारक. प्राचार्यांच्या खोलीत तार नको. हॉलमध्ये मागे एक खुर्ची ठेवावी." फाइल मात्र आणखी आठ महिने हलली नाही. हलली तेव्हा चंद्रभान कायम झाला. सरकारी कागदाला माझा वेग कुठून येणार?

पोळा झाल्यावर तुळसाबाई कवड्याला दाखवायला घेऊन आली. जखम भरली होती. उरलेल्या शिंगाला खाली हिरवा आणि वर लाल, असे दोन रंग होते.

त्यानंतर मी चार-पाच वर्षं भरपूर काम केलं. घोड्यांची, म्हशींची, एकदा तर पाळीव पोपटाची ऑपरेशनं पोहोचवली. बाहेरगावचे लोक मला बघायला येत आणि माना वर करून 'हीच का ती' म्हणत. हीच ती, असं मीही म्हणत असे.

मग व्हिडिओ कॅसेट आली. कॅसेट हवी तेव्हा लावा, हवी तेव्हा थांबवा. सगळे तिच्या मागे लागले. मला कोणी काढलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. गॅदरिंगला माझ्यावर रंगीत दिव्यांच्या माळा टांगल्या. होस्टेलच्या मुलांनी बनियन वाळत घातले. पाचव्या झाडावर कोणी तरी मला लोखंडी तारेने आवळलं आणि झाडाची साल तिथे माझ्या कोटावर चढू लागली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी तुटले नाही.

अठ्ठ्याऐंशी साली लतिका परत आली. आता ती डॉक्टर लतिका होती आणि गोपाळरावांच्या जागी शिकवायला लागली होती. गोपाळराव त्याआधी दोन वर्षं वारले होते. त्यांच्या हातांची कॅसेट नव्हती, कारण त्या सोमवारी कॅसेटच नव्हती. ती बोटं होती ती साठ जणांच्या डोळ्यांत, आणि त्या साठांतल्या काहींच्या हातांत. कन्हानहून एक बैल आला, शिंग झुकलेलं. लतिकाने चंद्रभानला बोलावून विचारलं, जुनी तार अजून जिवंत आहे का? कॅसेट काढून दाखवता आली असती. पण कॅसेटला मध्येच प्रश्न विचारता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

चंद्रभानचे केस कानाजवळ पिकले होते. तो एकेका झाडावर चढला. त्याच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणल्या होत्या, पण मला कुठेही काचल्या नव्हत्या. पाचव्या झाडाची लोखंडी तार त्याने शिव्या देत कापली. तिसऱ्या झाडावर आपल्या चिमटीची जागा त्याला न शोधता सापडली. त्याने ती नव्याने बांधली, पक्की. हॉलमधला दाणा तसाच जागेवर होता.

ऑपरेशनच्या दिवशी तो सवयीप्रमाणे झाडाखाली जाऊन उभा राहिला. लतिका शेडकडे जाता जाता थांबली.

"चंद्रभानभाऊ, आज झाडावर काम नाही. हॉलमध्ये जाऊन बसा."

"मी काय पाहू, मॅडम? मले कुठं शिंग कापाचं आहे?"

"त्या दिवशी आम्ही साठही जणांनी पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही तेवढं पाहिलं नाही."

चंद्रभानने हातातली पक्कड खिशात घातली. नऊ वर्षं ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. तो हॉलमध्ये गेला. मागे साहेबांची ती खुर्ची अजून होती, पण तो तिच्यावर बसला नाही. मुलांमध्ये, तिसऱ्या बाकावर बसला.

पडदा उजळला. लतिकाचं बोट पुढे गेलं आणि सुरी मागून आली. एका ठिकाणी ती थांबली, बोटाने चाचपलं. "इथे. ह्याच्यापुढे नाही." मग करवत, मग टाके. शेवटची गाठ मारताना ती म्हणाली, "टोक मोकळं सोडू नका." तिने हात कॅमेऱ्यासमोर उघडा धरला, सगळ्यांना गाठ दिसावी म्हणून. चंद्रभान पुढे झुकून बोटं मोजत होता.

"पाचच हायेत," तो शेजारच्या मुलाला म्हणाला. त्या मुलाला काही कळलं नाही. चंद्रभानने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

मित्रांनो, मी अजून त्याच कडुनिंबांवर आहे आणि अजून चालते. माझं मागणं फार नाही. कुठलीही तार फरफटत नेऊ नका, खांद्यावर घ्या. झाडाला बांधाल तर त्याला वाढायला जागा ठेवून बांधा. आणि तार टाकण्याआधी ती कोणाची, हे ठरवा, म्हणजे तिचं टोक कुठे बांधायचं ते कोणाला विचारावं लागणार नाही.